बाळाप्पाचं तापवलेलं दूध

२००३ सालच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दहा वाजायच्या आत, कोल्हापूरच्या अख्ख्या गंगावेशीला कळलं की बाळाप्पा गवळ्याला पोलिसांनी दोन म्हशींसकट उचललं. कशासाठी, यावर मात्र एकमत नव्हतं. कुणी म्हणालं, त्यानं रंकाळा तलावावर मोर्चा काढला. कुणी म्हणालं, एका डॉक्टरीणबाईंच्या अंगावर म्हशी सोडल्या. शेजारची आक्का तर दुपारपर्यंत एक म्हैस सुटल्याचं आणि दुसरी अजून चौकीत असल्याचं छातीठोकपणे सांगत होती. तिला हे भावजयीकडून कळलं होतं, आणि भावजयीला सकाळी खुद्द आक्कानंच सांगितलं होतं.

खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी कुणीच कुणाला उचललं नाही. बंदोबस्ताच्या हवालदारानं थोडा वेळ म्हशींची दावी धरली, कारण बाळाप्पाला घराकडं पळायचं होतं. त्याबद्दल हवालदाराला ग्लासभर दूध मिळालं. मोर्चा म्हणाल तर तोही नव्हता. कॅन्सरच्या रुग्णांसाठी आणि त्यातून उठून उभ्या राहिलेल्यांसाठी दर फेब्रुवारीत निघणारी ती पदयात्रा होती, आणि बाळाप्पा तिथला स्वयंसेवक होता. डॉक्टरीणबाईंचं तेवढं थोडं खरं. फक्त त्यांच्या अंगावर म्हशी नव्हे, बाळाप्पा स्वतःच धावून गेला होता, तोही नुसता तोंडानं.

तोंड मात्र त्याचं मोठं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या करायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळलेला ग्लास तसाच ऊन ऊन त्याच्या हातात ठेवायचा, हा त्याचा तीन पिढ्यांचा धंदा. आसपासच्या तालमींतले पैलवान त्या दुधावर पोसले. धारोष्ण सोडून दुसरं दूध असतं हे बाळाप्पाला मान्यच नव्हतं. "तापवलं की दुधातला जीव गेला," असं तो म्हणायचा. "मग ते चहात घालायचं, न्हायतर मांजराला." एखादं नवखं गिऱ्हाईक म्हणालं, की घरी नेऊन तापवून पितो, तर बाळाप्पा म्हशीच्या कानावर हात ठेवायचा. तिनं ते ऐकू नये म्हणून.

त्याची बायको रत्नव्वा. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेवरचं, त्यामुळं तिचं प्रेम मराठीत आणि राग कानडीत. कट्ट्यावर ग्लास विसळायचं आणि नवऱ्याला सरळ ठेवायचं, ही दोन्ही कामं तिच्याकडं. १९९६ साली तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि पुढं मिरजेला सहा आठवडे किरणांचे उपचार सांगितले. तिथली माणसं त्याला 'लाईट घेणं' म्हणतात. म्हशी भावाच्या ताब्यात देऊन बाळाप्पा बायकोबरोबर मिरजेच्या एका धर्मशाळेत जाऊन राहिला. म्हशी नाहीत म्हटल्यावर हातांचं काय करायचं हे त्याला कळेना. पहाटे उठून तो नुसताच उकिडवा बसायचा.

रत्नव्वाच्या घशाखाली घास उतरेना. शेजारच्या खोलीत चंदगडची तानूबाई गावडे होती. तीही लाईट घ्यायलाच आलेली. रोज सकाळी स्टोव्हवर आपल्या गावच्या तांदळाची पेज करायची आणि वाटी घेऊन रत्नव्वाच्या अंथरुणाशी येऊन बसायची.

"कशाला उगंच त्रास," बाळाप्पा पहिल्या दिवशी म्हणाला.

"माजी मी करतंयच की. त्यात दोन मुठी जास्त."

वाटी रिकामी होईस्तोवर ती उठायची नाही. एक घोट, मग चंदगडच्या पावसाच्या गप्पा, मग दुसरा घोट. नंतर रत्नव्वाचा सुजायला लागलेला डावा हात मांडीवर घेऊन बोटांपासून खांद्यापर्यंत हळूहळू दाबायची. असं सहा आठवडे. बाळाप्पा भिंतीला टेकून बघायचा. जन्मभर दुसऱ्याच्या हातात ग्लास ठेवलेला माणूस तो. दुसऱ्याच्या चुलीवरचं रोज घेणं त्याला जड जात होतं. निघायच्या दिवशी त्यानं सांगून टाकलं, "तानूबाई, कोल्हापूरला यायचं. धारोष्ण दूध पाजतो तुमास्नी. माझ्या हातानं."

"व्हय," तानूबाई म्हणाली.

त्यानंतर सहा वर्षं बाळाप्पा चंदगडला गेला नाही, की साधं पत्र धाडलं नाही. विचारलं तर म्हणायचा, म्हशीला रविवार नसतो. खरं कारण वेगळं होतं. रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि एसटीनं चंदगडला पोचेपर्यंत दूध काही धारोष्ण राहत नाही. या एका अडचणीवर त्यानं सहा वर्षं विचार केला.

इकडं रत्नव्वा बरी झाली, पण उंबऱ्याबाहेर येईना. डावा हात सुजलेलाच राहिला होता. तो पदराखाली धरून ती घरातच वावरायची. कट्टा सुटला, हळदीकुंकू सुटलं. कुणी विचारलं तर सांगायची, गुडघा दुखतोय. गल्लीला सगळं ठाऊक होतं. गल्लीला ठाऊक आहे हे एकट्या रत्नव्वाला ठाऊक नव्हतं. गंगावेशीनं जन्मात एकदा तोंड मिटून ठेवलं असेल, तर ते तिच्यासमोर.

पदयात्रेत बाळाप्पा शिरला तो २००१ साली, पोस्टातल्या प्रसेनजीतमुळं. त्याची आई याच आजारानं गेली होती. त्यानं आणि डॉक्टर शांभवींनी मिळून हे सुरू केलेलं. रोज संध्याकाळी तो कट्ट्यावर दूध प्यायला यायचा. एकदा मिशीवरचा फेस पुसत म्हणाला, "मामा, रविवारी सकाळी मोकळे आहात?"

"म्हशी सोडल्या तर मोकळाच हाय की."

"मग एक काम आहे. दसरा चौकातनं रंकाळ्यापर्यंत चालायचं. सगळ्यांच्या मागं. जो शेवटचा असेल त्याच्यामागं तुम्ही. कुणी थांबलं की थांबायचं, कुणी बसलं की बसायचं. एकही माणूस मागं राहता कामा नये."

जन्मभर म्हशींच्या मागं चाललेल्या माणसाला याहून सोयीचं काम कुठलं असणार? टोपी घालून, छातीला बिल्ला लावून बाळाप्पा निघाला. बिंदू चौकापर्यंत सगळं ठीक चाललं. मग सवयीनं त्याच्या टाळूला जीभ लागली आणि पुढच्या म्हातारीला हाकायला त्यानं "ट्टॉक ट्टॉक" केलं. ती निघाली निवृत्त मुख्याध्यापिका. वळून म्हणाली, "म्हैस समजलास काय मला?"

"न्हाय बाई. म्हैस एवढी सावकाश चालत न्हाय."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि उरलेली वाट त्याच्या दंडाचा आधार घेऊन चालल्या. पुढच्या वर्षी तर मागं राहण्यासाठीच माणसं रेंगाळायला लागली. तो त्यांना म्हशींच्या भानगडी सांगायचा, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला तर सुतळीनं बांधून द्यायचा. आपण इथं का येतो ते मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही. ते सांगायचं म्हणजे रत्नव्वाचा पदर बाजूला करण्यासारखं होतं.

२००३ च्या पदयात्रेआधी चार दिवस प्रसेनजीत कट्ट्यावर बसून बिल्ल्यांवर नावं लिहीत होता. "चंदगडहून यंदा पाच जण येणार," तो म्हणाला. "त्यातल्या तानूबाई गावडेंचं दुखणं परत उलटलंय. शांभवी मॅडमकडं औषध चालू आहे. तरी चालणार म्हणतात."

चरवीत पडणारी धार थांबली. म्हशीनं मागं वळून बघितलं.

"परत वाच," बाळाप्पा म्हणाला.

प्रसेनजीतनं परत वाचलं. बाळाप्पानं उरलेली धार काढली, ग्लास भरून दिले आणि मग सांगितलं, "यंदा शेवटचा माणूस तू हो. मी रंकाळ्यावर उभा राहणार."

घरी येऊन त्यानं रत्नव्वालाही सांगितलं. "तानूबाई येत्यात. चल."

रत्नव्वा भाकरी थापत होती. हात थांबला, पण ती म्हणाली, "माझा नमस्कार सांगा."

रविवारी सकाळी सातला बाळाप्पा रंकाळ्यावर हजर. दोन्ही म्हशी घासूनपुसून लख्ख, शिंगांना रंग, गळ्यात मण्यांच्या माळा, बाजूला ओळीनं मांडलेले साठ ग्लास. पलीकडं मांडववाला बाळासो चालून येणाऱ्यांसाठी उप्पीट शिजवत होता. पदयात्रा दसरा चौकातून नुकतीच निघाली होती. तासाभरात पोचणार. तेवढ्यात डॉक्टर शांभवी स्कूटरवरून पुढं आल्या. तिशीच्या, गडहिंग्लजच्या, बोलायला गोड आणि ऐकायला अजिबात तयार नसलेल्या.

"काका, म्हशी कशाला आणल्या?"

"दूध पाजाय."

"तापवून ना?"

"मी गवळी हाय बाई. चहावाला न्हवं."

"मग नाही देता येणार. ज्यांची औषधं चालू आहेत त्यांच्या अंगात साध्या जंतूशी झुंजायची ताकद नसते. कच्च्या दुधानं एखाद्याला ताप चढला तर दवाखान्यात टाकावं लागेल."

इथं बाळाप्पाचा आवाज चढला आणि गंगावेशीच्या बातमीला बी मिळालं. माझ्या म्हशी तुमच्या दवाखान्यापेक्षा सोवळ्या आहेत, मी रोज धुतो, अख्खी तालीम ह्या दुधावर उभी आहे, असं सगळं तो बोलला. फिरायला आलेली माणसं गोळा झाली.

"पैलवानांना द्या की मग," शांभवी म्हणाल्या. "यांना नाही."

बाळाप्पाचा आवाज एकदम खाली आला. "एकच ग्लास. तानूबाईंना. सहा वर्सं झाली बोलून."

"काका, त्यांना तर थेंबसुद्धा नाही. त्यांच्यासाठीच सांगतेय मी."

बाळाप्पा तलावाच्या कठड्यावर जाऊन बसला. म्हशी घेऊन घरी जाता आलं असतं. मग तानूबाई येईल, इकडंतिकडं बघेल, आणि कुणीतरी सांगेल की गवळ्याकडं दूध नव्हतं. नाहीतर दुसरा मार्ग होता. तो समोर बाळासोच्या शेगडीवर निळा निळा जळत होता.

बाळासो हे सगळं झाऱ्यावर हनुवटी टेकून ऐकत होता. "पातेलं देतो," तो म्हणाला. "एक शेगडी मोकळी हाय. पर तू तापवणार? मला वाटलं सूर्य पंचगंगेतनं उगवंल एक दिवस, पर हे न्हाय."

बाळाप्पानं चरवी उचलली. पहिल्या म्हशीची धार काढली, दूध पातेल्यात ओतलं, शेगडी होती तेवढी मोठी केली आणि हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला. म्हशीच्या बाबतीत एवढं पुरतं. दुधाच्या बाबतीत पुरत नाही. आधी वास आला. मग पांढरा फुगा पातेल्याच्या काठावरून शेगडीवर, शेगडीवरून रस्त्यावर आला. उरलं ते तळाला लागून पिवळं पडलं.

"गवळ्याचं दूध करपलं," बाळासो सगळ्या रंकाळ्याला ऐकू जाईल असं म्हणाला.

अर्धा तास उरला होता. बाळाप्पानं दोन्ही दावी हवालदाराच्या हातात दिली आणि बावन्न वर्षांचा तो माणूस धोतर सावरत गंगावेशीकडं पळत सुटला.

रत्नव्वा मेथी निवडत बसली होती. तो दारात उभा राहून धापा टाकत म्हणाला, "दूध लागलं खाली."

"कसलं दूध?"

"तापवत होतो."

तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "तुमी?"

"तानूबाईला कच्चं चालत न्हाय म्हनं. परत औषध सुरू हाय तिचं."

रत्नव्वानं हातातली मेथी खाली ठेवली. मग म्हणाली, "पातेलं आदी पाण्यानं वलं करून घेतलंसा?"

"वलं कशाला?"

"अय्य शिवने." ती उठली. "आच बारीक ठिवलीसा?"

बाळाप्पा दाराची चौकट धरून उभा.

"ढवळलासा तरी?"

प्रत्येक प्रश्नागणिक ती एक एक पाऊल पुढं येत होती, आणि शेवटच्या प्रश्नाला तिच्या पायात चपला होत्या. बाहेर ओट्यावर आक्का. सहा वर्षांनी रत्नव्वाला रस्त्यावर बघून तिच्या तोंडात शंभर प्रश्न आले असतील, पण बोलली एवढंच, "गुडघा बरा हाय वाटतं."

"गुडघ्याला काय झालंय?" रत्नव्वा चालता चालता म्हणाली.

रंकाळ्यावर येताच तिनं करपलेलं पातेलं घासायला टाकलं, दुसरं मागून घेतलं, त्याला आतून पाण्याचा हात फिरवला. "दुसरीची धार काढा," तिनं नवऱ्याला सांगितलं. बाळासोला सांगितलं, "दादा, आच बारीक. अजून बारीक." मग पदर कमरेला खोचून ती शेगडीपुढं बसली आणि उजव्या हातानं ढवळायला लागली. सुजलेला डावा हात उघड्यावर, गुडघ्यावर निवांत पडलेला. तिथं पन्नास माणसं होती. तिचं सगळं लक्ष दुधाकडं होतं. बाळाप्पाचं तिच्याकडं होतं, म्हणून त्याला दोनदा कानडीत बोलणी बसली. दूध एकदा वर आलं, दोनदा आलं, तिसऱ्यांदा आल्यावर तिनं शेगडी बंद केली.

माणसं येऊ लागली. कुणी डोक्याला रुमाल बांधलेलं, कुणी मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. ग्लास भरले जात होते आणि रिकामे होत होते. बाळाप्पा मात्र रस्त्याकडं बघत होता. सगळ्यात शेवटी, प्रसेनजीतच्या चार पावलं पुढं, तानूबाई आली. निम्मी झाली होती. तरी चालत आली.

बाळाप्पानं ग्लास घेतला, दूध या ग्लासातून त्या ग्लासात ओतून निववलं, आणि ग्लास तिच्यासमोर धरला. "तानूबाई, धारोष्ण कबूल केलतं मी. हे तापवलेलं हाय. डाक्टर ऐकंना."

तानूबाईनं दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि सावकाश, एक एक घोट करत संपवला. ओठावरची साय पुसली. "बरं झालं," ती म्हणाली. "कच्चं दूध मला कवाच सोसत न्हाय. आन म्हशीचं तर भ्याच वाटतं. तवा तुमचं मन मोडाय नगो म्हणून व्हय म्हणालं."

शांभवी डॉक्टर तोंडाला रुमाल लावून हसल्या. रत्नव्वा तर इतकी हसली की हातातला डाव बाजूला ठेवावा लागला. मग तानूबाई तिच्याजवळ बसली, न विचारता तिचा डावा हात मांडीवर घेतला, आणि बोटांपासून वर दाबत म्हणाली, "आनी एक ग्लास मिळंल काय?"

बाळाप्पा पाठ फिरवून म्हशींकडं गेला आणि खाली वाकून दाव्याची गाठ सोडायला लागला. बराच वेळ सोडत होता. शेवटी हवालदार म्हणाला, "पावणं, दावं माझ्या हातात हाय."

तेव्हापासून दर फेब्रुवारीत रंकाळ्यावर गवळ्याचं तापवलेलं दूध असतं. पातेलं बाळासोचं, ढवळणं रत्नव्वाचं. बाळाप्पा पहाटे धारा काढून देतो आणि दसरा चौकात जाऊन शेवटच्या माणसाच्या मागं उभा राहतो. रत्नव्वा त्याच महिन्यात कट्ट्यावरही परत आली, आणि सहा वर्षं नीट न विसळलेल्या ग्लासांबद्दल नवऱ्याला जे ऐकवायचं राहिलं होतं ते तिनं आठवडाभर ऐकवलं. तानूबाई पुढची दोन वर्षं आली. २००६ साली ती नव्हती. तिची सून आली होती, तांदळाची पिशवी घेऊन. बाळाप्पा तिच्यामागं मुद्दाम सावकाश चालला. रंकाळ्यावर रत्नव्वानं तिला दोन ग्लास पाजले, आणि पुढच्या पंधरवड्यात त्या तांदळाची पेज आक्काच्या घरापर्यंत पोचली.

२००८ च्या पदयात्रेनंतर रंकाळ्यावर आवराआवर चालली होती. बाळाप्पा पातेलं घासत होता, कारण ते बाळासोला परत द्यायचं होतं. काठाला साय तशीच राहिली म्हणून रत्नव्वा पलीकडून कानडीत त्याचा उद्धार करत होती. बाळासोला कानडी कळत नव्हती, पण सूर कळत होता.

"काय रं बाळाप्पा," तो म्हणाला, "जन्मभर तापवलेल्या दुधाला नावं ठिवलीस. आता दर वरसाला तेच पाजतोस, भांडी घासतोस, वर चारचौघांत बायकोच्या शिव्या खातोस. काय मिळतंय तुला ह्यातनं?"

बाळाप्पानं पातेलं पालथं घातलं, रत्नव्वाचं बोलून व्हायची वाट बघितली आणि म्हणाला, "शिव्या घालाय बायको हाय की. आनी काय पायजे?"